खाडीवरच्या पुलाखाली सळया उघड्या पडल्यात. पुलाची तपासणी नक्की कोण आणि कशी करतं?

खाडीकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचं गाव रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेला, खाडीच्या अल्याड. हायस्कूल, बाजार, दवाखाना सगळं पल्याड. मधे पाच गाळ्यांचा (दोन आधारांमधला भाग म्हणजे एक गाळा) काँक्रीटचा पूल. तो माझ्याच वयाचा असेल. सासरे सांगतात, त्याआधी तरीतून जावं लागायचं आणि उधाण असलं की दोन-दोन दिवस अडकायला व्हायचं. माझी लेक आठवीत आहे. रोज सकाळी पावणेसातच्या एसटीने ती याच पुलावरून जाते.

एप्रिलच्या शेवटी मी पुलाच्या तोंडाशी एसटीची वाट बघत उभी होते. जीपमधून दोघे जण आले. कठड्यावर रंगवलेल्या जुन्या नंबराचा फोटो काढला, दोन्ही टोकांना उभं राहून आणखी चार फोटो काढले, बाजूच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ बरोबरच्या माणसाकडून छाटून घेतला आणि गेले. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. खाली कुणी उतरलं नाही.

माझे धाकटे दीर ओहोटीला होडी घेऊन पुलाच्या खांबांवरची कालवं काढायला जातात. गेल्या आठवड्यात त्यांनी खालून फोटो काढून आणला, तो सोबत जोडलाय. मधल्या गाळ्यातल्या एका गर्डरच्या, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या तुळईच्या, पोटातलं काँक्रीट चांगलं हात-दीड हात निखळलंय आणि आतल्या सळया दिसतायत. भरतीला होडी वर उचलली जाते तेव्हा बांबू तिथपर्यंत पोचतो. दिरांनी बांबूने डिवचलं तर चिरोट्याच्या पाकळ्या सुटाव्यात तसे गंजाचे पापुद्रे होडीत पडले.

फोटो घेऊन मी बांधकामच्या कार्यालयात गेले. माणसं नीट बोलली, चहासुद्धा विचारला. पण उत्तर एकच मिळालं, 'पावसाळ्यापूर्वीची तपासणी झालेली आहे, पूल वाहतुकीस योग्य आहे.' तपासणीचा कागद बघायला मागितला तर तो दाखवता येत नाही म्हणाले.

२०१६ साली महाडचा सावित्रीचा पूल गेला ती रात्र आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. म्हणून विचारते. पंधरा मिनिटांत वरून बघून पूल योग्य आहे हे कळतं का? हे बघणं नक्की कुणाचं काम? तो कागद मला मिळू शकतो का? आणि सगळ्यात आधी, मुलीला पाठवू की नको?

आणखी एक, कामाचं असेल-नसेल. आम्ही लहान असताना कठड्याखालचा कट्टा रस्त्यापासून वीतभर उंच होता, त्यावर बसून आम्ही गळ टाकायचो. आता तो चार बोटंच वर दिसतो. पूल खचला असेल का?

---

मावळातला

ताई, थांबू नका, फोटो सगळीकडे टाका आणि आमदारांना पाठवा. कागदाच्या मागे लागलात तर पावसाळा निघून जाईल.

आमच्याकडे कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला पडला. रविवार होता, पावसाळी पर्यटनाची गर्दी होती. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे आधीपासून ठरलेलं होतं, तसा फलकही लावलेला होता. माझ्या घरापासून तो पूल अर्ध्या तासावर. त्या फलकासमोरून मी स्वतः दोनदा पलीकडे गेलोय, बायकोला आणि मुलाला घेऊन. फलक वाचूनही माणसं जातात, कारण समोरचा माणूस गेलेला दिसतो. त्यामुळे नुसता फलक लावून घेऊन समाधान मानू नका. जड गाड्या अडवणारा लोखंडी अडसर मागा.

---

निवृत्त उपअभियंता

ताई, सार्वजनिक बांधकाम खात्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बावीस कोकणात. शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. फोटो मोठा करून तीन-चार वेळा बघितला. सविस्तर लिहितो.

आधी मुलीचं. एका फोटोवरून पूल पडेल किंवा पडणार नाही असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. एका गाळ्यात बहुधा तीन किंवा चार गर्डर असतात आणि वरचा स्लॅब त्यांना एकत्र बांधून ठेवतो, त्यामुळे एक दुबळा झाला की बाकीचे काही भार उचलतात. माणसांनी भरलेल्या एसटीपेक्षा मला जांभ्याच्या आणि खडीच्या डंपरांची काळजी जास्त वाटते. ते तुमच्या पुलावरून जातात का, रात्री किती जातात, ते मोजून लिहा. आणि ज्या दिवशी पुराचं पाणी गर्डरच्या पोटाला टेकायला येईल त्या दिवशी मुलीला घरी ठेवा. एसटीच्या चालकालाही हे आत्ताच सांगून ठेवा.

आता पंधरा मिनिटांचं. वर उभं राहून रस्ता दिसतो. पूल बघायचा तर खाली जावं लागतं. भार वाहणारं सगळं खालीच असतं: गर्डर, बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो ती बैठक), खांबाच्या डोक्यावरची टोपी, खांब आणि पाण्याखालचा पाया. आमच्याकडे पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा अशी वर्षातून दोनदा तपासणी असते. ती शाखा अभियंता आणि उपअभियंता करतात. पूल जितका मोठा तितका वरचा अधिकारी जातो. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी एसपी-३५ नावाची मार्गदर्शिका आहे. नेहमीची तपासणी, काही वर्षांनी हाताच्या अंतरावरून करायची मुख्य तपासणी आणि पूर, भूकंप, अपघात असं काही घडल्यावरची विशेष तपासणी, असे त्यात प्रकार आहेत. मोठ्या पुलांसाठी गाडीवरून कठड्याबाहेर वळून खाली जाणारा पाळणा असतो. तो जिल्ह्याला सहसा मिळत नाही. खाडीतल्या पुलाला तुमच्या दिरांची होडी पुरते.

खाली गेल्यावर मी हातोडी वापरायचो. पाव किलोची, लांब दांड्याची. काँक्रीटवर मारली की 'टण्ण' असा भरीव आवाज आला तर आतून पकड शाबूत. 'भद्द' आवाज आला तर वरचा थर सळईपासून सुटलाय, डोळ्यांना भेग दिसो न दिसो. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो, आतून फुगतो आणि काँक्रीटला ढकलतो. म्हणजे तुमच्या दिरांनी पाहिलेलं निखळणं ही शेवटची पायरी. त्याआधी काही वर्षं तिथे सळईच्या रेषेत केसासारखी भेग असणार आणि भेगेच्या तोंडाशी तांबूस डाग. तो डाग कुणी लिहून ठेवला होता का, हा खरा प्रश्न आहे.

मग बेअरिंग. उन्हाने गर्डर लांबतो, गारठ्याने आखडतो. २० मीटरच्या गाळ्यात ३० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिलिमीटर. ही हालचाल बेअरिंगने होऊ द्यायची असते. वरच्या सांध्यातून माती आणि पाणी खाली झिरपून बेअरिंगभोवती चिखल साचला, त्यात गवत उगवलं, की बेअरिंग जाम होतं आणि तो रेटा खांबाच्या टोपीवर येतो. मैलकुली (रस्त्याच्या देखभालीचा मजूर) बरोबर असेल तर फावडं, झाडू आणि बादलीभर पाण्यात हे काम अर्ध्या दिवसात होतं. पाणी निघायच्या नळ्या मोकळ्या करणं हेही तेवढंच साधं काम. कोकणातल्या पुलाचं निम्मं आयुष्य या नळ्यांवर असतं असं माझं मत आहे. तुमच्या फोटोत गर्डरच्या बाजूला पांढरे ओघळ दिसतात, म्हणजे पाणी स्लॅबमधून वाट काढतंय; तुमच्या पुलाच्या नळ्या बहुधा बुजलेल्या असाव्यात.

कट्ट्याची गोष्ट तुम्ही सहज लिहिलीत, पण मी खुर्चीत सरसावून बसलो. पूल खचला असता तर कट्टाही त्याच्याबरोबर खाली गेला असता. इथे पूल खचलेला नाही, रस्ता वर आलाय. दर नूतनीकरणाला जुना थर न खरवडता त्यावर नवीन डांबर टाकलं गेलं. वीतभराचा कट्टा चार बोटांवर आला म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर जास्तीचं डांबर. गाळा २० मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद धरला तर एका गाळ्यावर ५० टनांहून जास्त वजन होतं. मालाने भरलेले जवळजवळ तीन सहाचाकी ट्रक प्रत्येक गाळ्यावर रात्रंदिवस उभे आहेत असं समजा. शिवाय २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची भारमर्यादा वाढवली. तुमचा पूल त्याच्या कितीतरी आधीचा. पुलावर डांबर टाकताना जुना थर आधी काढा, हे मी ठेकेदारांना सांगून सांगून थकलो होतो. तुमच्या अर्जात हे पहिलं लिहा, कारण हे वजन उतरवायला ना नवीन संकल्पचित्र (डिझाइन) लागतं ना मोठा निधी.

आता पाया. एका नदीवरचा पूल माझ्याकडे होता. नदीचं नाव लिहीत नाही. कठड्यावर प्रत्येक खांबाच्या वर तांबड्या रंगाची खूण केलेली होती, तिथून ओळंबा बांधलेला दोर सोडायचा आणि तळापर्यंतचं अंतर वहीत लिहायचं. आधीच्या माणसाने चार वर्षं हे इमानदारीने लिहिलं होतं. दुसऱ्या खांबापाशी ७ मीटर २०, ७.२५, ७.२०, ७.३० असे आकडे. मी त्या ऑक्टोबरात दोर सोडला तर ८.९० ला टेकला. वाटलं, दोर वाहावतोय. दुसऱ्या दिवशी पाणी संथ असताना परत मोजलं. ८.९०. वरच्या अंगाला वाळू उपसली जात होती, नदीने तिचा वाटा पुलाखालून घेतला होता. त्याच संध्याकाळी जड वाहतूक थांबवायचा प्रस्ताव पाठवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून अधिसूचना निघते, ती चौथ्या दिवशी निघाली. बाजाराच्या दिवशी लोकांनी माझी जीप अडवली होती, फार बोलले. जाळीत बांधलेले दगड खांबाभोवती भरून तळ वर आणला तेव्हा वाहतूक सुरू झाली. तो पूल आजही उभा आहे.

ती आधीची चार ओळींची वही नसती तर माझ्या ८.९० ला काही अर्थ नव्हता. एका दिवसाच्या बघण्याने पूल कळत नाही. कालचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवले की पूल बोलतो. नोकरीत मी एवढंच शिकलो आणि हाताखालच्या प्रत्येक मुलाला एवढंच शिकवलं.

पायाची दुसरी खोच अशी की पूर भरात असताना खांबाभोवती खड्डा पडतो आणि पाणी उतरताना सैल गाळाने तोच खड्डा परत भरतो. उन्हाळ्यात बघणाऱ्याला तळ सपाट दिसतो, पण त्या गाळाला पकड नसते. महाडचा पूल १९२८ चा, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर वाहनातली माणसं मिळून चाळीसच्या आसपास जीव गेले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य आहे असं नोंदलं होतं. मी त्या वेळी नोकरीत होतो. ती बातमी ऐकली तेव्हा प्रत्येक शाखा अभियंत्याने मनात स्वतःच्या सहीचे पूल मोजले असतील. मी मोजले. तेवीस होते. त्या आठवड्यात पावसातच मी तेवीसच्या तेवीस पुलांखाली जाऊन आलो.

नवीन पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये सुरू झाला. त्याच २०१६ साली केंद्राने देशभरातल्या पुलांची नोंद करणारी प्रणालीही सुरू केली, प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक दिला. चांगलं काम झालं. पण प्रणालीत भरायची माहिती शेवटी खाली उतरणाऱ्या माणसाकडूनच यायची असते.

पूल कुणाचा हे रस्त्यावरून ठरतं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग वेगळे. आधी रस्त्याचा क्रमांक काढा, नाहीतर अर्ज दोन कार्यालयांच्या मधे फिरत राहील. कागद तुम्हाला मिळतो. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या तिकिटावर अर्ज करा, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. नुसत्या प्रती मागू नका, 'अभिलेखाचे अवलोकन' मागा. कलम २ मध्ये ते स्पष्ट आहे. गेल्या दहा वर्षांच्या पुलाच्या तपासणी नोंदी समोर बसून वाचा. आमदारांकडे जायला माझी ना नाही, पण हातात नोंदी घेऊन जा.

दिरांना सांगा, पुढचा फोटो काढताना सळईशेजारी मोजपट्टी धरायची आणि पाटीवर गाळा क्रमांक, गर्डर आणि तारीख लिहून ती फोटोत घ्यायची. गाळे महाडच्या बाजूने मोजायचे की बंदराच्या, हे एकदा ठरवा आणि परत बदलू नका.

---

हातोडी ते हाफसेल

मी ठाण्यात पुलांच्या न फोडता होणाऱ्या चाचण्या करते, अकरा वर्षं. काकांनी लिहिलेल्या हातोडीला माझा नमस्कार, आम्हीही सुरुवात तिथूनच करतो.

ताई, पुढे 'स्ट्रक्चरल ऑडिट', म्हणजे पुलाच्या मजबुतीची तपासणी, 'करून घेऊ' असं उत्तर येईल. तेव्हा कोणत्या चाचण्या, ते विचारा. नुसता रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) फिरवून ऑडिट झालं म्हणू देऊ नका. तो पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. जुनं काँक्रीट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरून कडक होतं, त्यामुळे जुन्या पुलावर तो आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो. खाडीवरच्या पुलाला हाफसेलची चाचणी हवीच. त्यात सळईचा विद्युतदाब मोजतात. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली गेला तर आत गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात. क्लोराइड, म्हणजे खाऱ्या पाण्यातला क्षार, किती आत शिरलंय तेही तपासायला हवं. आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन शिंपडायला सांगा. चांगलं काँक्रीट क्षणात गुलाबी होतं, कार्बन डायऑक्साइड शिरलेलं तसंच राखाडी राहतं. कोकणातल्या एका पुलावर आम्ही गर्डरला सात सेंटिमीटर खोल घेतलं तरी गुलाबी रंग आला नाही. बरोबरचा मजूर म्हणाला, 'बाई, हा तर आतपर्यंत म्हातारा झालाय.' मला अहवालात यापेक्षा नेमकं वाक्य सुचलं नव्हतं.

दुरुस्तीबद्दल एक कळकळीची विनंती. उघड्या सळयांवर नुसतं सिमेंटचं प्लास्टर मारू देऊ नका. सळईच्या मागे बोट जाईल इतकं खराब काँक्रीट काढलं पाहिजे, सळई चकचकीत घासली पाहिजे, व्यास मोजून कमी भरला तर जोडसळई दिली पाहिजे, मगच मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीसाठीचं बारीक खडीचं काँक्रीट). खारट काँक्रीट शेजारी ठेवून मधेच नवा तुकडा भरला की गंज त्या तुकड्याच्या कडेला सरकतो आणि दोन वर्षांत शेजारचा भाग निखळतो. मी अशी प्लास्टरं हातोडीच्या एका टोल्यात पडलेली पाहिली आहेत.

अहवाल वाचणारा माणूसही लागतो. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला. त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. त्या दिवसापासून मी अहवालाच्या पहिल्या पानावर चारच ओळी लिहिते: कोणता भाग, काय करायचं, किती दिवसांत, तोवर कोणती वाहनं थांबवायची. तक्ते नंतर.

---

पिट्सबर्गहून

मूळचा चिपळूणचा, सोळा वर्षं पिट्सबर्गला आहे. इथल्या एका पुलाचं सांगावंसं वाटतं.

२८ जानेवारी २०२२ ला पहाटे बर्फात फर्न हॉलो नावाचा पूल दरीत कोसळला. त्यावर सिटी बस होती, ती आडवी अडकून राहिली. जीव कुणाचा गेला नाही, काही जण जखमी झाले. मी उन्हाळ्यात त्याच पुलाखालच्या पायवाटेने फिरायला जायचो.

अमेरिकेत १९६७ साली ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसं गेली, त्यानंतर देशभर पुलांच्या तपासणीचे नियम आले. साधारण दर २४ महिन्यांनी तपासणी, शून्य ते नऊ असे गुण, सगळं जाहीर. फर्न हॉलोचीही तपासणी वेळच्या वेळी होत होती. २०११ पासून शेरा 'खराब' होता. पाणी निघायच्या जागा तुंबल्यात, पुलाच्या पोलादी पायांवर पाणी आणि कचरा साचतोय, पोलाद गंजून भोकं पडलीत, हे अहवालात पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं. राष्ट्रीय चौकशीत मुख्य निष्कर्ष हाच निघाला की सुचवलेली दुरुस्ती केलीच गेली नाही. काकांनी नळ्यांबद्दल लिहिलेलं वाचताना मला तेच आठवलं. वेळच्या वेळी बघितलं, पुन्हा पुन्हा लिहिलं, आणि तरी पूल पडला, कारण लिहिल्यावर फावडं घेऊन कुणी गेलं नाही. ताई, जुन्या नोंदी बघाल तेव्हा 'सुचवलं' आणि 'केलं' या दोन्ही तारखा शोधा.

---

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण हातात काही आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

अर्ज केला, अवलोकनाची तारीख मिळाली. मी आणि आमच्या सरपंचबाई गेलो. नोंदवही समोर ठेवली. गेल्या पाच वर्षांच्या नोंदी वाचल्या. दहा तपासण्या, दहाही ठिकाणी एकच वाक्य: 'पूल सुस्थितीत आहे. झाडे-झुडपे काढण्यात यावीत.' अक्षर वेगळं, सह्या वेगळ्या, वाक्य तेच. मग त्याच्या मागचं पान उलटलं. सहा वर्षांपूर्वीची, ऑक्टोबरची नोंद. निळ्या शाईत बारीक अक्षर. 'गाळा क्र. ३, मधली तुळई, तळाशी उभी नव्हे आडवी केसभेग, लांबी ४० सेंमी, तांबूस डाग. पुढील तपासणीत लांबी मोजावी.' पुढच्या तपासणीत कुणी मोजली नाही. तुम्ही लिहिलं होतंत काका, तो डाग कुणीतरी लिहून ठेवला होता. मला तिथेच रडू आलं.

त्या पानाची प्रत घेऊन आम्ही वरच्या कार्यालयात गेलो, ग्रामसभेचा ठराव जोडला, डांबराचा हिशोब पहिल्या ओळीत लिहिला. दहा दिवसांत नवीन आलेली शाखा अभियंता मुलगी स्वतः आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. दिरांच्या होडीत बसली, भरतीचे दोन तास तिसऱ्या गाळ्याखाली होती. हातोडी तिच्याकडे होती. मी काठावरून आवाज ऐकत होते, टण्ण, टण्ण, आणि मग सलग सात-आठ वेळा भद्द. वर आली तेव्हा बाह्या गंजाने तांबड्या झालेल्या. म्हणाली, सळईचा व्यास २५ मिलिमीटरचा १९ उरलाय एका ठिकाणी.

आता दोन्ही टोकांना लोखंडी अडसर बसलाय, डंपर बंद आहेत. एसटी एका वेळी एकच आणि सावकाश जाते. जास्तीचं डांबर खरवडायचं काम पावसाच्या उघडिपीत होईल असं लेखी मिळालंय. गर्डरच्या दुरुस्तीचा प्रस्ताव संकल्पचित्र मंडळाकडे गेलाय, त्याचं अजून काही कळलेलं नाही.

तांबड्या खुणा आम्ही कठड्यावर केल्या. काल दिरांनी आणि लेकीने दोर सोडला. पाणी थांबलेलं होतं तेव्हाच मोजलं. पहिला खांब ६.४०, दुसरा ६.७५, तिसरा ८.१०, चौथा ६.५५. भरती-ओहोटीने आकडा बदलेल का?

---

निवृत्त उपअभियंता

बदलणार नाही. आपण पाणी नाही, तळ मोजतोय. पाणी थांबलेलं असताना मोजलंत हे फार बरोबर केलंत.

त्या निळ्या शाईच्या माणसाची नोंद तुम्हाला सापडली, मला फार बरं वाटलं. त्या मुलीलाही सांगा, १९ हा आकडा गर्डरवर रंगाने तारखेसकट लिहून ये, आणि वहीतही.

तिसऱ्या खांबाचा ८.१० मला आवडलेला नाही. तिथे खाडीची मूळ धार असेल तर तो आकडा पूर्वीपासूनच तसा असू शकतो. पूल बांधतानाच्या नकाशात प्रत्येक खांबापाशी तळाची पातळी दिलेली असते. तो नकाशा कार्यालयात असायला हवा, त्याचंही अवलोकन मागा. तोवर प्रत्येक मोठ्या पुरानंतर आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर तिसऱ्यापाशी दोर सोडा, खांबाच्या वरच्या अंगाला एकदा आणि खालच्या अंगाला एकदा. ८.४० च्या पुढे गेला तर इथे लिहीत बसू नका, त्या मुलीला रात्री असला तरी फोन करा.